खुंट चांगला हाय

दार्जिलिंगच्या हॉटेलात जेवणं उरकली होती, लोक बडीशेप शोधत होते, आणि आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी टेबलावरची सुरी उचलून त्यांच्या नव्याकोऱ्या कॅक्टसचं लाल डोकं कापून बशीत ठेवलं. अगदी शांतपणे. दुपारीच कालिम्पाँगच्या नर्सरीत दीडशे रुपये मोजून घेतलेला कॅक्टस. घाटातल्या सगळ्या वळणांवर मांडीत धरून आणलेला, गाडी उसळली की त्याच्यावर हात धरायच्या. आणि आता खाली राहिलेलं हिरवं तीनधारी खोड दिव्याकडे धरून बघत मला म्हणाल्या, "खुंट चांगला हाय."

मी काहीच बोलले नाही. बोलणार काय, झाड त्यांचं, पैसे त्यांचे. पण रात्री झोपताना ते लाल डोकं डोळ्यांसमोरून जाईना. वेटर बशी उचलायला आला तेव्हा त्याला वाटलं टोमॅटो आहे.

आता हे सांगायला हवं की ग्रुपमध्ये कॅक्टसचं वेड असलेली मी एकटीच होते. पुण्यातल्या माझ्या बाल्कनीत बसायला जागा नाही इतक्या कुंड्या आहेत, नवऱ्याने तर आता तिथे कपडे वाळत घालणंही सोडून दिलंय. त्यामुळे टूरच्या कागदावर 'कालिम्पाँग - कॅक्टस नर्सरी' हे वाचलं तेव्हा मला कांचनजंगापेक्षा त्याचीच जास्त ओढ लागली होती. बाकीच्यांना अर्थातच नाही. डेलो झालं, दुर्पिनची मोनॅस्टरी झाली, डेलोवर धुक्यात उभं राहून "तिकडे कांचनजंगा आहे" असं सांगणाऱ्याच्या बोटाचे फोटो काढून झाले, आणि मग टूर मॅनेजर म्हणाला की आता अर्धा तास कॅक्टस. गाडीत एक सामूहिक उसासा. मागून कोणीतरी म्हणालंच, "काटे बघायला तिकीट?" सगळे हसले. काकूही हसल्या. त्या सांगोल्याच्या बाजूच्या, आता मुलाकडे रावेतला राहतात, मुलानेच त्यांना टूरला पाठवलेलं. "काटं तर आमच्याकडं फुकट हायती," एवढं बोलून त्या सगळ्यांच्या आधी खाली उतरल्या.

पाइन व्ह्यू असं त्या नर्सरीचं नाव, पण ड्रायव्हर लोक नुसतं कॅक्टस म्हणतात. बाहेर सगळं ओलं. सकाळी पाऊस पडून गेलेला, पायऱ्यांवर शेवाळ, कठड्यावर नेचे उगवलेले, हवेत डोंगराळ गावांचा तो ओल्या लाकडाचा आणि कोळशाच्या धुराचा वास. आणि एक दार ढकलून आत गेलं की एकदम कोरडं. छप्पर पारदर्शक, खाली गरम मातीचा, तापलेल्या प्लास्टिकचा आणि किंचित धुळीचा वास, पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी गच्चीचं दार उघडलं की येतो ना तोच. दीड-दोन हजार किलोमीटरवर येऊन मला आमच्या गच्चीचा वास आला. चष्म्यावर धुकं धरलं होतं ते आत गेल्यावर निघून गेलं.

मला ह्या जागेची सगळ्यात मोठी गंमत हीच वाटते की तिथल्या माणसांचं मुख्य काम पाणी अडवणं हे आहे. कालिम्पाँग साधारण बाराशे मीटरवर, वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नाहीतर वरच. म्हणजे सांगोल्याच्या चौपट. अशा गावात मेक्सिकोच्या आणि अँडीज पर्वताच्या उघड्या माळांवरची झाडं आणून, त्यांच्यावर छप्पर घालून, पावसाळाभर त्यांना पाऊस लागू द्यायचा नाही. बाहेर ऑर्किड आणि नेचे नुसत्या हवेवर वाढतायत आणि आत ही मंडळी तहानलेली ठेवायला माणूस नेमलेला. तिथे काम करणाऱ्या मुलीला काकूंनी विचारलं, "पानी कितना देते?" ती म्हणाली, "आमा, बरसात में तो बिलकुल नहीं." काकूंनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरी, आमच्या गावी, आमच्या तालुक्यात पाण्यासाठी काय काय केलं, हे सगळं त्या बघण्यात होतं, किंवा मला तसं वाटलं. त्या प्रत्यक्षात म्हणाल्या एवढंच की "बरंय बाबा ह्यांचं."

तसं हे गावच बाहेरून आलेल्या गोष्टींवर उभं राहिलेलं. 1962 पर्यंत जेलेप ला खिंडीतून तिबेटची लोकर खेचरांवर लादून इथे उतरायची, बाजारात तिबेटी, मारवाडी, नेवारी, चिनी व्यापारी. मग सीमा बंद झाली, खेचरं थांबली. आता ग्लॅडिओलसचे कंद, ऑर्किड, डल्ले नावाची बोरासारखी गोल जहाल मिरची आणि आमच्यासारखे टूरवाले. ड्रायव्हरने ती मिरची एका काकांना खायला दिली होती, त्याचं वर्णन करत नाही.

आत खरंच बघण्यासारखं होतं. छपराला टेकलेले खांब, पांढऱ्या लोकरीत गुरफटलेले म्हातारे (त्यांचं शास्त्रीय नावच सेनिलिस आहे, म्हणजे म्हातारा), इवल्याइवल्या गुलाबी फुलांचे गजरे डोक्यावर गोल घातलेल्या मॅमिलारिया, आणि सोनेरी काट्यांचे मोठे मोठे गोळे, गोल्डन बॅरल. टूर मॅनेजरने तिथे थांबून नेहमीचा जोक केला की ह्याला इंग्रजीत सासूबाईंची खुर्ची म्हणतात. जोक त्याचा नाही, नाव खरंच आहे. सगळ्या सुना हसल्या, सगळ्या सासवा पण हसल्या. फोटो झाले. पुढे गेले लोक.

मी तिथेच रेंगाळले. ह्या गोल्डन बॅरलबद्दल मी पूर्वी वाचलंय आणि ते वाचल्यापासून ते नुसतं सुंदर दिसत नाही मला. जगभर नर्सऱ्यांमध्ये, हॉटेलांच्या लॉबीत, बंगल्यांच्या दारात हे लाखांनी आहेत. आणि जिथले हे मूळचे, मेक्सिकोतला केरेतारो आणि हिदाल्गोचा भाग, तिथे दरीच्या उतारांवर ते मोजकेच उरलेत. एक तर लोकांनी उपटून विकले. आणि 1990 च्या दशकात तिथे झिमापानचं धरण झालं, त्यात त्यांचे उतारच बुडाले. वाळवंटी झाड, आणि मेलं पाण्यात बुडून. आपल्याकडे धरणाखाली गेलेली गावं ज्यांना माहिती आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की ह्यांची पोरं आधीच जगभर कुंड्यांमध्ये स्थायिक झाली होती.

तर, काकू. काकूंना गोल्डन बॅरलमध्ये रस नव्हता, लोकरवाल्या म्हाताऱ्यात पण नव्हता. त्या एका फड्या निवडुंगासमोर थांबल्या, तोही कुंडीत लावलेला, त्याला लॅटिन नावाची पट्टी. "ह्यो बी?" म्हणाल्या. मला आमच्या आजोळच्या बांधावरचा निवडुंग आठवला, फलटणकडचा, माणूसभर उंच. त्याची लाल बोंडं आम्ही काठीने पाडायचो, मातीत पायाने घोळवायचो म्हणजे त्याची बारीक कुसं जातात, आणि तरीही दोनचार कुसं जिभेत राहायचीच, मग संध्याकाळपर्यंत तोंड उघडं ठेवून फिरायचं, आजीला कळू न देता. काटा दिसतो तरी, कूस दिसत नाही. बोंडाचा गर जांभळालाल, गोडसर, नुसत्या बिया. आणि त्याच्या फड्यांवर पांढरा कापूस चिकटलेला असायचा, तो चिरडला की बोटं लालभडक. आम्ही त्याने नखं रंगवायचो. तो कापूस म्हणजे किडा असतो हे मला चाळिशीत कळलं. ह्या किड्यांची गोष्ट मोठी मजेशीर आहे. कंपनी सरकारला लाल रंगाचा धंदा करायचा होता, म्हणून 1795 मध्ये ब्राझीलहून किडा आणला आणि तो निघाला भलताच, रंग नीट देईना पण एका जातीचा निवडुंग मात्र खाऊन फस्त केला. पुढे फड्या निवडुंग इतका माजला की रानंच्या रानं जायला लागली, तेव्हा 1926 मध्ये श्रीलंकेतून मुद्दाम त्याचा दुसरा भाऊबंद आणला, निवडुंग मारायलाच. म्हणजे आम्ही नखं रंगवत होतो ती सरकारी योजना होती. आणि बोंडं खात होतो ते झाड मूळ अमेरिकेचं. आपल्याकडचे शेर, साबर, किल्ल्यांच्या उतारावरचे ते काटेरी खांब, हे दिसायला तसेच पण वेगळ्या घराण्यातले, मोडलं की पांढरा चीक येतो. कॅक्टसला सहसा असा चीक नसतो. शिवाय कॅक्टसचे काटे एका छोट्या गादीसारख्या ठिपक्यातून निघतात, एकदा तो ठिपका बघायची सवय लागली की चुकत नाही. दोघांचा काही संबंध नाही, दुष्काळाने दोघांना सारखं वळण लावलं.

हे सगळं मी काकूंना सांगत होते. म्हणजे मीच बोलत होते. त्या 'हं' म्हणत होत्या आणि पुढच्या टेबलाकडे बघत होत्या, जिथे ते रंगीत कॅक्टस मांडले होते, लाल, पिवळे, केशरी, गुलाबी डोक्यांचे, एकसारख्या प्लास्टिकच्या कुंड्यांत. विक्रीचा विभाग. प्रत्येक बाग शेवटी दुकानात उघडते तसं इथेही.

मला हे रंगीत कॅक्टस आवडत नाहीत, खरं सांगायचं तर थोडा रागच येतो. मून कॅक्टस म्हणतात त्यांना. तो वरचा लाल गोळा म्हणजे एका पॅराग्वेच्या कॅक्टसचं असं रोप, ज्याच्यात हिरवा रंगच नाही. हिरवं नाही म्हणजे स्वतःचं अन्न करता येत नाही, उगवल्यावर काही दिवसांत मरणार. 1941 मध्ये जपानमध्ये एका नर्सरीवाल्याला हजारो रोपांत अशी एकदोन लाल रोपं दिसली, त्याने ती मरायच्या आत दुसऱ्या हिरव्या कॅक्टसवर कलम केली, आणि ती जगली. तिथून हा धंदा सुरू झाला, आता कोरियातून बोटीच्या बोटी भरून जातात. वरचं लाल डोकं खालच्याचं खातं, खालचं दोघांसाठी कमावतं. आणि हे फार वर्षं चालत नाही, दोघांच्या वाढीचा मेळ बसत नाही, काही वर्षांत कलम सुटतं नाहीतर कुजतं. विकत घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. त्याला वाटतं लाल फूल आहे, बारा महिने राहील. काकूंनी एक लाल उचललं तेव्हा मला वाटलं आता सांगावं. पण त्यांचा चेहरा इतका खुश होता. पासष्टीच्या बाईने पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने काहीतरी बिनकामाचं घ्यावं आणि मी तिला तिथे त्याचं आयुष्य सांगत बसावं? गप्प बसले.

त्या मुलीने एका बाजूला कलम बांधायचं काम मांडलं होतं, काकू तिथे उलट्या बादलीवर जाऊन बसल्या. ब्लेडने खोड सपाट कापायचं, वरचा गोळा सपाट कापायचा, दोन्हींच्या मधलं गोल कडं एकमेकांवर आलं पाहिजे, आणि मग रबर बँडने कुंडीसकट आवळायचं. काकू म्हणाल्या, "आमी आंब्याला पाचर मारतो." ती नेपाळी, ह्या माणदेशी, मध्ये दोघींची हिंदी, आणि हात सारखे चालत होते. कालिम्पाँगमध्ये मी बघितलेली ही सगळ्यात छान गोष्ट, आणि मी फोटो काढायला विसरले ते बरंच झालं, फोन बाहेर काढला असता तर दोघी सावरून बसल्या असत्या.

मग संध्याकाळी ती सुरी.

दुसऱ्या दिवशी टायगर हिलसाठी पहाटे साडेतीनला उठवलं, थंडीत पाय आपटत अंधारात उभे राहिलो, सूर्य ढगात उगवला, सगळे परत. त्या परतीच्या गाडीत काकू माझ्या शेजारी होत्या, तेव्हा मी विचारलंच. म्हटलं, काकू, त्याचं डोकं का कापलंत? मला खरं तर त्यात रात्रभर काय काय दिसलं होतं. वर बसून खाणारं कोण, खाली राबणारं कोण, सून, सासू, संसार. ललित लिहिणाऱ्यांना ही खोड असते, एक कुंडी दिली की त्यात अख्खं घर बसवायचं.

काकू म्हणाल्या, "आगं, ते वर आसंल तर खोडाला फूल कुठनं यायचं?"

मग कळलं. खालचं तीनधारी खोड बघताक्षणी त्यांनी ओळखलं होतं. ड्रॅगन फ्रूट. पुतण्याने डाळिंब तेल्या रोगाने आणि पिन होल बोरर ह्या खोड पोखरणाऱ्या किडीने गेल्यावर बाग काढून एकरभर ड्रॅगन लावलाय, सिमेंटचे खांब, वर रिंगा, एका खांबाला चार रोपं. तिकडे आता गावोगावी दिसतो. बारामतीजवळ माळेगावला ती दुष्काळ, उष्णता अशा पिकांवरच्या ताणावर, म्हणजे स्ट्रेसवर, काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथून पुतण्या सगळं बघून आला होता, काकूंनी त्या संस्थेचं नाव 'बारामतीची ट्रेसवाली' असं सांगितलं. आणि सांगलीतल्या तडसरच्या शेतकऱ्यांचा ड्रॅगन 2021 मध्ये दुबईला गेला तेव्हा ह्यांच्या गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

"पर मी फूल न्हाई बघितलं," काकू म्हणाल्या. ड्रॅगनचं फूल रात्री उमलतं, ताटाएवढं, पांढरं, सकाळी ऊन चढलं की माना टाकतं. एका रात्रीचा मामला. आणि बहर पावसाळ्यात. पावसाळ्यात ह्यांचा नातू शाळेत, सून ऑफिसात, काकू रावेतच्या आठव्या मजल्यावर. दिवाळीला गावी जातात तेव्हा फळंही संपत आलेली असतात. व्हॉट्सॲपवर फुलाचे फोटो येतात, पुतण्याची बायको बॅटरी मारून काढते. "समद्यांनी बघितलं, मी तेवढी ऱ्हायले."

म्हटलं, मग पुतण्याकडून एक कांडी का नाही आणली, अख्खा एकर आहे की. ह्यावर त्या इतक्या हसल्या की पुढच्या सीटवरचे काका जागे झाले. "आणली हुती की. सून म्हणली घरात काटं नगंत, वास्तूला बरं न्हवं. टाकली खाली सोसायटीच्या कचऱ्यात." मग कुंडीकडे बोट दाखवलं. कुंडीवर नर्सरीचा स्टिकर होता, इंग्रजीत, त्यावर कालिम्पाँग. "आता दार्जिलिंगवरनं आणलंय म्हणल्यावर कशाला टाकंल?"

मी त्या स्टिकरकडे बघत राहिले. माझ्या स्वतःच्या बाल्कनीतली अर्धी झाडं अशाच जोरावर आत आलीत हे मला त्या क्षणी आठवलं. आजोळच्या बांधावरची फड्याची एक फांदी मी आणली होती एकदा, तिला मी खाली पार्किंगच्या कडेला लावलं, आणि त्याच निवडुंगाची एक बुटकी, ठिपक्याठिपक्यांची जात ऑनलाइन चारशे रुपयांना मागवून ती दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवलीय. त्यातही कुसं असतातच, पाहुण्यांना सांगावं लागतं हात लावू नका. तिकीट काढून बघितलेला काटा आणि पायात मोडलेला काटा ह्यात आपण जो फरक करतो तो काट्याने केलेला नसतो. काकूंनी हे कुठे वाचलेलं नव्हतं, त्यांनी नुसता त्याचा उपयोग करून घेतला. दीडशे रुपये लाल डोक्याचे नव्हतेच, स्टिकरचे होते.

अर्थात एक शंका राहतेच. वाढायला दोन वर्षं तरी जातील, ग्रिलला बांधून वर चढवावं लागेल, आठव्या मजल्यावर ऊन किती येतं कोण जाणे, शिवाय रात्रीचं फूल, परागीकरणाला वटवाघूळ नाहीतर पतंग लागतात, फळ धरेलच असं नाही. मी हे सगळं म्हणाले. काकू म्हणाल्या फळ कोणाला पायजे, बाजारात ढिगानं हाय, दरबी पडलाय. फूल आलं की नातवाला उठवणार आहेत रात्री. सुनेला पण उठवणार आहेत, असं जरा सावकाश म्हणाल्या.

बागडोग्राला सिक्युरिटीच्या रांगेत त्यांची कुंडी बेल्टवरून गेली, स्क्रीनकडे बघणाऱ्या मुलाने एकदा थांबवून बघितलं आणि सोडून दिली. विमानाला उशीर होता. चहा महाग म्हणून आम्ही दोघींनी एकच घेतला. त्यांना गावाकडून फोन आला, पुतण्याचाच, बराच वेळ चालला, त्यातलं मला अर्धंच कळलं. फोन ठेवल्यावर म्हणाल्या की टेंभू उपसा योजनेचं पाणी आता शिवारात आलंय, पाटाला सोडलंय. मी म्हटलं, वा, चांगलं झालं की. तर म्हणाल्या चांगलंच झालं, पन्नास वर्सं वाट बघितली त्याची, पर पोरगं म्हणतंय पाणी आलंय तर ड्रॅगन काढून ऊस लावू.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणायचं, मी पुण्यात. दोन वळी ऱ्हाऊ दे म्हणलं बांधाच्या कडंला. तो हसला नुसता."

आणि मग पुणे फ्लाइटची अनाउन्समेंट झाली, तीही गेट बदलल्याची, सगळा ग्रुप पिशव्या सावरत दुसऱ्या टोकाला पळायला लागला.